तापलेलं लोखंड क्ष-किरणांना किती अडवतं?

किर्लोस्करवाडी, मिरज, सातारा, शिरवळ या पट्ट्यातल्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी त्यातलं थोडंसं लोखंड नमुना म्हणून बाजूला काढतात. नमुना थंड झाला की त्याचं चकतं ग्राइंडरवर घासून सपाट करायचं, 'स्पेक्ट्रो'च्या स्टँडवर पालथं ठेवायचं, क्लॅम्प आवळायचा आणि बटण दाबायचं. आर्गॉन वायू फुसफुसतो, करकरत ठिणगी पडते आणि मिनिटाच्या आत पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे टक्के उमटतात. एका जागी एक 'बर्न', शेजारी दुसरा. दोन्हींचे आकडे जुळले की भट्टीवर निरोप जातो : सिलिकॉन कमी आहे, एवढं टाका.

त्या ठिणगीत जे तयार होतं तो धातूचा प्लाझ्मा. ठिणगीच्या उष्णतेनं चकत्यावरचं कणभर लोखंड वाफ होऊन उडतं. दहा हजार अंशांच्या आसपास त्या वाफेतल्या बऱ्याच अणूंचे एकदोन इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मूलद्रव्यागणिक ठरलेल्या रंगांच्या रेषा त्यातून बाहेर पडतात. रेषा किती ठळक, यावरून प्रमाण कळतं.

हे काम प्रकाश मोजण्याचं वाटतं. पण प्रकाश वाटेत किती शोषला जातो, याचा हिशेब न ठेवता ते करताच येत नाही. कार्बनची नेहमी वापरली जाणारी रेषा १९३१ आंगस्ट्रॉम तरंगलांबीवर येते, गंधकाची १८०७वर आणि फॉस्फरसची १७८३वर. या अतिनील किरणांना साधी हवाच खाऊन टाकते, कारण हवेतला ऑक्सिजन ते शोषून घेतो. म्हणून स्टँडमध्ये आर्गॉन आणि आतल्या मार्गात निर्वात पोकळी किंवा तसाच एखादा वायू लागतो. आर्गॉनचा सिलिंडर संपत आला किंवा त्यात अशुद्धी असली की सगळ्यांत आधी हेच आकडे दगा देतात. दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. ठिणगीचा गाभा तापलेला असतो, पण कडेची वाफ त्या मानानं थंड असते. गाभ्यातून निघालेला लोखंडाचा प्रकाश कडेचं लोखंडच गिळतं. त्यामुळे प्रमाण दुप्पट झालं तरी रेषा दुप्पट ठळक होत नाही आणि मोजणीचा आलेख वर जाता जाता वाकतो. स्वतःचाच प्रकाश स्वतः शोषण्याचा हा गुण पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता ठिणगीच्या जागी वीस लाख अंश तापलेलं लोखंड आणि अतिनील किरणांच्या जागी क्ष-किरण ठेवू. अशा लोखंडाच्या पातळ थरातून किती क्ष-किरण पार होतात? पृथ्वीवरच्या कुठल्याही भट्टीत असं लोखंड नसतं, तरीही गेली चाळीसएक वर्षं या एका आकड्यासाठी मोठमोठ्या प्रयोगशाळा झटत आहेत. कारण असं लोखंड सूर्याच्या पोटात आहे, आणि सूर्याची आतली घडण त्या आकड्यावर बेतलेली आहे.

इतकं तापलेलं लोखंड अस्तित्वात असतं, ही गोष्ट कळण्याच्या वाटेवर आपला भागही येतो. २२ जानेवारी १८९८ रोजी भरदुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर आली, सह्याद्री चढून कराडच्या परिसरावरून सरकली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून ईशान्येकडे गेली. विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांची तुकडी होती. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल ठाण मांडून बसले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाच्या (कोरोनाच्या) वर्णपटाची छायाचित्रं काचांवर घ्यायची होती.

प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसते, हे १८६९पासून माहीत होतं. तिची जागा ५३१७ आंगस्ट्रॉमच्या आसपास धरली जात होती. ती खरी ५३०३वर आहे, हे १८९८च्या या ग्रहणातल्या नोंदींनी पक्कं झालं. मात्र ती कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच सांगता येईना, म्हणून 'कोरोनियम' नावाचं एक नवं मूलद्रव्यच कल्पून ठेवलं गेलं. उलगडा व्हायला १९४० उजाडलं. ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती रेषा लोखंडाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. एवढे इलेक्ट्रॉन सुटायचे तर तापमान दहा लाख अंशांच्या वर हवं. ज्या रेषेची जागा आपल्या मुलखात नीट ठरली, ती तापलेल्या धातूच्या प्लाझ्माचीच निघाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रभामंडलातलं हे लोखंड इतकं विरळ आहे की क्ष-किरण त्यातून आरपार जातात. जवळपास त्याच तापमानाचा आणखी एक प्रदेश सूर्याच्या आत आहे. केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर एक सीमा येते. तिच्या आत ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपानं झिरपत वर येते, आणि तिच्या बाहेर तापलेला वायूच उसळून ती वर नेतो. सीमेवर तापमान वीस लाख अंशांहून थोडं जास्त आणि घनता प्रचंड. तिथला वायू क्ष-किरणांना जितका अडवेल तितकी ऊर्जा तुंबते, आणि उसळी कुठून सुरू व्हायची ते त्यावरच ठरतं. या अडवण्याला अपारदर्शकता म्हणतात.

सूर्यात लोखंड आहे तरी किती? हायड्रोजनच्या सुमारे तीस हजार अणूंमागे एक. तरीही त्या सीमेवरच्या एकूण अपारदर्शकतेत त्याचा वाटा सुमारे पाव हिस्सा आहे, कारण अणू क्ष-किरण अडवतो तो आपल्याजवळच्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन त्या उष्णतेत केव्हाच सुटलेला असतो. सुटा इलेक्ट्रॉन किरणाची दिशा बदलतो, आयनाजवळून (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूजवळून) जाताना थोडी ऊर्जाही शोषतो, पण शोषण्याचं काम तो जेमतेमच करतो. लोखंडाकडे मुळात सव्वीस इलेक्ट्रॉन. वीस लाख अंशांवर त्यातले सोळा ते अठरा गेले तरी आठ-दहा उरतात. क्ष-किरण शोषून एखादा उरलेला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो, तेव्हा वर्णपटात एक काळी रेषा पडते. किंवा तो अणूतून पार निसटतो, तेव्हा एका ठरावीक ऊर्जेपुढचा सगळा पट्टाच काळवंडतो.

थंड धातूंत हे शोषण मोजणं तुलनेनं सोपं आहे, आणि महाराष्ट्रात त्याची जुनी परंपरा आहे. नागपूर विद्यापीठात प्रा. सी. मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटशास्त्राचं काम उभं केलं. इव्हेत कोश्वा या फ्रेंच विदुषींच्या गौरवार्थ १९८२ मध्ये निघालेल्या ग्रंथाचे क्रिस्तियान बोनेल यांच्यासह ते संपादक होते. साध्या लोखंडाच्या पापुद्र्यावर वाढत्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडले तर ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला शोषण एकदम उसळतं, कारण तिथं सगळ्यांत आतला इलेक्ट्रॉन निसटू लागतो. ही उसळी म्हणजे शोषणकडा. कडा किंचित सरकली की अणूची रासायनिक स्थिती कळते. अशा कामासाठी इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर आता स्वतंत्र किरणवाटा आहेत.

मोजणीचं सूत्र थंड-तापलेल्या दोन्हींना एकच. समजा नमुना नसताना शंभर किरण पोचतात आणि नमुना मध्ये धरल्यावर चाळीस. दुप्पट जाडीचा नमुना धरला तर वीस पोचणार नाहीत, चाळीसातले चाळीस टक्के म्हणजे सोळा पोचतील. म्हणून थेट टक्क्यांऐवजी त्यांच्या अपूर्णांकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे चिन्ह सोडून घ्यायचा : चाळीस टक्क्यांसाठी ०.९२, सोळा टक्क्यांसाठी (पूर्णांकनाचा फरक सोडता) बरोबर त्याच्या दुप्पट, १.८३. मग त्याला दर चौरस सेंटीमीटरवरच्या लोखंडाच्या वजनानं भागायचं. ०.९२ देणाऱ्या नमुन्यात दर चौरस सेंटीमीटरला ग्रॅमचा दहा हजारावा भाग लोखंड असेल, तर अपारदर्शकता सुमारे ९२०० चौरस सेंटीमीटर प्रति ग्रॅम येते. एवढं लोखंड म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही जेमतेम आठवा हिस्सा जाडीचा थर.

तापलेल्या नमुन्यात अडचणी सुरू होतात त्या इथून पुढे. पहिली अडचण, नमुना स्वतःच पेटलेला असतो. भुईनळा पेटवून त्याच्यामागे टॉर्च धरला, तर भुईनळ्यानं टॉर्चचा किती उजेड अडवला हे समोरच्याला कसं कळणार? टॉर्च भुईनळ्याहून कितीतरी प्रखर हवा. वीस लाख अंशांच्या लोखंडामागचा क्ष-किरणांचा दिवा त्याहूनही तापलेला असावा लागतो.

दुसरी अडचण, तापलेला थर जागेवर थांबत नाही. क्षणार्धात फुगून विरतो आणि कडा गाभ्यापेक्षा थंड पडतात. ठिणगीतली तीच गोष्ट. म्हणून लोखंडाचा थर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या थरांत दाबून ठेवतात. प्लास्टिकमधला कार्बन आणि हायड्रोजन या क्ष-किरणांना फारसे अडवत नाहीत, पण लोखंडाला लगेच फुगूही देत नाहीत. तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यांत मोठी. मोजलं त्या क्षणी नमुना नेमका किती तापलेला आणि किती दाट होता? त्यात तापमापक खुपसता येत नाही, आणि तापमान थोडं चुकलं तरी उरलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, मग सगळा वर्णपटच बदलतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत 'झेड' नावाचं यंत्र आहे. जिम बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं या तिन्ही अडचणींवर एकाच मांडणीत उपाय शोधला. यंत्रातून क्षणार्धापुरती सुमारे अडीच कोटी अँपिअर वीज टंगस्टनच्या केसाहून बारीक तारांच्या उभ्या पिंजऱ्यातून सोडतात. तारांची वाफ होते आणि विजेचंच चुंबकीय क्षेत्र ती वाफ आत दाबतं. आत फेसासारखा हलका प्लास्टिकचा दंडगोल असतो. त्यावर वाफ आदळली की क्ष-किरणांचा लोट उठतो, दंडगोलाच्या वरच्या तोंडाशी बसवलेला नमुना तापतो, आणि मग दाबाची लाट अक्षावर येऊन मिळते तेव्हा मधोमध अतिशय प्रखर झळाळी होते. नमुना तापवणारा आणि त्याच्यामागे दिवा लावणारा स्रोत एकच. झळाळी टिकते सुमारे तीन नॅनोसेकंद, आणि मोजणी त्या तीन नॅनोसेकंदांतच.

लोखंडाचा थर त्या गोल पापुद्र्याच्या अर्ध्या भागावरच असतो. उरलेल्या अर्ध्यावर नुसतं प्लास्टिक. एका कोनातून पाहणारा वर्णपटमापक लोखंडातून आलेले किरण टिपतो, दुसऱ्या कोनातला लोखंड टाळून आलेले. त्यामुळे 'नमुना असताना' आणि 'नमुना नसताना' या दोन्ही नोंदी एकाच धडाक्यात मिळतात. दोन वेगवेगळे स्फोट अगदी सारखे होतील, असं गृहीत धरावं लागत नाही.

तापमापकाचं काम मॅग्नेशियम करतं. लोखंडात थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. वीस लाख अंशांच्या आसपास मॅग्नेशियमच्या बारा इलेक्ट्रॉनांपैकी एक किंवा दोनच उरतात, आणि इतक्या कमी इलेक्ट्रॉनांचं गणित भरवशाचं असतं. एक इलेक्ट्रॉनवाल्या रेषा आणि दोन इलेक्ट्रॉनवाल्या रेषा यांच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं. आजूबाजूचे आयन आणि इलेक्ट्रॉन जितके जवळ, तितक्या त्यांच्या विद्युतक्षेत्रामुळे रेषा रुंदावतात, म्हणून रुंदीवरून घनता निघते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे तापमान आणि ही घनता थेट मोजलेली नसतात, मॅग्नेशियमच्या गणिती प्रारूपातून काढलेली असतात. लोखंडाचं प्रारूप तपासायचं तर आधी मॅग्नेशियमच्या प्रारूपावर विश्वास टाकावा लागतो.

प्रारूप बांधण्याची सुरुवात मेघनाद साहांच्या १९२०च्या समीकरणापासून होते. तापमान आणि घनता दिली की किती अणूंचे किती इलेक्ट्रॉन सुटले असतील, ते त्यावरून कळतं. मात्र वीस लाख अंशांच्या लोखंडात एकाच वेळी आठ, नऊ, दहा इलेक्ट्रॉनवाले आयन असतात. प्रत्येकाच्या अगणित अवस्था, प्रत्येक अवस्थेतून संभवणाऱ्या उड्या, मिळून कोट्यवधी रेषा. प्रत्येकीची जागा, ताकद आणि रुंदी काढायची. सगळ्या एकेक करून मांडणं अशक्य, म्हणून जवळजवळच्या रेषांचे गठ्ठे करून त्यांची सरासरी धरतात. कोणता तपशील सोडायचा आणि कोणता ठेवायचा, यात प्रत्येक गटाचं प्रारूप वेगळं पडतं.

तपशील सोडण्याची किंमत एकदा कळून चुकली होती. सेफाइड नावाच्या, लयीत फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांची स्पंदनं गणिताशी जुळत नव्हती. १९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता पुन्हा तपासा, असा आग्रह धरला. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या रॉजर्स आणि इग्लेसियास यांनी लोखंडाच्या सुटलेल्या रेषा हिशेबात घेतल्या, तेव्हा काही तापमानांना अपारदर्शकता दुप्पट-तिप्पट वाढली आणि ताऱ्यांचं कोडं सुटलं.

सूर्याच्या बाबतीत तक्रार वेगळ्या वाटेनं आली. सूर्य सतत कंप पावतो, आणि उदयपूरसह जगातल्या सहा ठिकाणांहून १९९५पासून त्या कंपांची अखंड नोंद होते आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी या कंपांवरून सूर्याच्या आतलं तापमान आणि रासायनिक घडण काढण्याचं महत्त्वाचं काम केलं. कंपांवरून ध्वनीचा वेग कळतो. तिथून तापमानाकडे जायचं तर प्रारूपांतून काढलेला अपारदर्शकतेचा तक्ता हातात लागतो. २००५च्या सुमारास सूर्यात ऑक्सिजन, कार्बन यांसारखी मूलद्रव्यं आधी मानली त्यापेक्षा बरीच कमी आहेत, असं नव्या पृथक्करणातून पुढे आलं, आणि प्रारूपातला सूर्य व कंपांतून दिसणारा सूर्य यांची फारकत झाली. त्या सीमेजवळची अपारदर्शकता तक्त्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त असती, तर फरक मिटला असता.

'झेड'वरच्या मोजणीचं फळ २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. तापमान १९ ते २३ लाख अंश. वेगवेगळ्या तरंगलांबींना मोजलेली अपारदर्शकता भाकितापेक्षा ३० ते ४०० टक्क्यांनी जास्त. चारशे टक्के ऐकून दचकायला होतं, पण सूर्याच्या एकूण सरासरीत त्यानं सुमारे सात टक्क्यांचीच भर पडते, म्हणजे गरजेच्या सुमारे निम्मी. असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. क्ष-किरण जिथं अडवणूक कमी तिथून निसटतात, म्हणून सरासरी साधी धरून चालत नाही, उलट्या आकड्यांची धरावी लागते. नॉर्वेचे रोसेलांड यांनी १९२४ मध्ये ही रीत दिली. समजा अर्ध्या वर्णपटात अपारदर्शकता १०० आहे आणि अर्ध्यात १. साधी सरासरी ५०.५, रोसेलांडच्या रीतीनं मात्र २च्या किंचित खाली. आता १००चे २०० केले तर सरासरी जवळजवळ हलत नाही. पण १चे २ केले तर ती थेट ४च्या जवळ जाते. वर्णपटातले मोठमोठे काळे सुळके ठळक दिसतात, पण निर्णय त्यांच्यामधल्या उजळ फटी करतात. 'झेड'वर मोजलेल्या लोखंडात नेमक्या या फटी अपेक्षेपेक्षा भरलेल्या आढळल्या.

यावर हरकती आल्या आणि त्या यायलाच हव्या होत्या. जाडी बदलून मोजणी केली, तेव्हा दुप्पट जाडीचा नियम पाळला गेला. २०१९ मध्ये ताइसुके नागायामा आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या अलीकडचं क्रोमियम आणि पलीकडचं निकेल त्याच यंत्रावर मोजलं. क्रोमियमच्या फटीही भरलेल्या निघाल्या, निकेलच्या मात्र नाहीत. तेवढ्या उष्णतेत निकेलकडे उरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं कवच बहुतांशी भरलेलं असतं, क्रोमियम-लोखंडाचं अर्धवट. अर्धवट भरलेल्या कवचाचं गणित कुठेतरी अपुरं असावं, असा संशय त्यावरून बळावला. लहान तरंगलांबींकडचं जास्तीचं शोषण मात्र एकट्या लोखंडातच दिसलं, त्याचा खुलासा या संशयानं होत नाही. ओहायोत अनिल प्रधान आणि सुलताना नाहर यांनी २०१६ मध्ये सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचं गणित अधिक तपशिलात मांडून जास्त अपारदर्शकता दाखवली. लिव्हरमोरच्या तज्ज्ञांना ते पटलं नाही.

पुढची कामं या अडचणींमधूनच ठरली आहेत. लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझर किरणांनी लोखंड तापवून सगळीच मोजणी वेगळ्या यंत्रावर पुन्हा केली जाते आहे, म्हणजे दोष 'झेड'च्या मांडणीत आहे की प्रारूपात, ते उमगावं. 'झेड'च्या वर्णपटमापकातली फिल्म तीन नॅनोसेकंदांचा सगळा उजेड एकत्र साठवते. तिच्याऐवजी त्या अवधीचे तुकडे पाडून वेगवेगळी चित्रं घेणारे शोधक बसवले जाताहेत, म्हणजे नमुना मोजणीच्या काळात किती बदलला ते पाहता येईल. आणि लोखंडापाठोपाठ आता ऑक्सिजनची पाळी आहे. सूर्याच्या त्या सीमेवर अपारदर्शकतेत त्याचाही वाटा मोठा आहे, आणि तक्त्यातला त्याचा आकडाही अनेक वर्षं प्रयोगाची परीक्षा न देताच वापरला गेला आहे.